बियाणं गालात की पाठीत?

आमच्या फणसाला शेवया फुटल्या आणि घरात कुणाचा त्यावर विश्वास बसेना.

“आज शेवया, उद्या म्हणशील जिलब्या लागल्या,” आजी म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

माझं नाव निशिगंधा परब. एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ नाही, म्हणून सगळे निशू म्हणतात. मी यंदा सातवीत गेले आणि मला थापा मारायची सवय नाही. थोडं तिखटमीठ लावते, तेवढं कोण लावत नाही? पण त्या दिवशी तेसुद्धा लावलं नव्हतं. कासारखोलला आमच्या घरासमोर जुना फणस आहे. त्याच्या बुंध्यातून खरोखरच पिवळट शेवया बाहेर आल्या होत्या. काडेपेटीतल्या काडीएवढ्या लांब, सरळ आडव्या. बोट लावलं की मोडायच्या आणि हातात नुसतं पीठ उरायचं.

शेवटी मी आजोबांना हाताला धरून ओढत नेलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “अगो बाय, खराच की गो. ह्या काय नवीन?”

आजोबांचा या फणसावर भारी जीव. मला कधी कधी वाटतं, माझ्यापेक्षा जास्त. गेल्या वर्षी त्यांनी त्याला पार बांधला. साधासुधा नाही हं. माझ्या छातीपर्यंत उंच, आत डंपरभर माती, वर निळ्या फरश्या, आणि त्या थेट बुंध्याला टेकलेल्या. कडेने जास्वंदीच्या कुंड्या, आणि सगळ्याला रोज सकाळी नळीने पाणी. शिवाय दर अक्षय्यतृतीयेला बुंध्याला गेरूचा रंग. आजोबा गेरूत फणसाचाच चीक कालवतात, म्हणजे कितीही धुतला तरी रंग उतरत नाही. ही त्यांची स्वतःची युक्ती. पाहुणे आले की ती चहाच्या आधी एकदा आणि चहाच्या नंतर एकदा सांगितली जाते. यंदाचा गेरू त्यांनी परवाच लावला होता, आणि मी बुंध्याला टेकून बसल्यामुळे माझा झगाही रंगला होता.

आजोबा बराच वेळ शेवयांकडे बघत राहिले. मग त्यांनी वर पाहिलं. पानं पिवळी पडली होती. मला वाटतं, ती आधीपासूनच पिवळी पडत होती, पण त्यांना ते मान्य करायचं नव्हतं.

“दवाखान्यात कळव,” ते हळूच म्हणाले.

आता आमच्याकडे प्रत्येक तालुक्याला झाडांचा दवाखाना आहे. फोन करून झाडाचं दुखणं सांगितलं की ते यंत्रमानव पाठवतात. आमच्याकडे जो आला त्याच्या छातीवर ‘चौकस’ असं नाव रंगवलं होतं. माझ्या कमरेएवढी उंची, डोक्याच्या जागी भिंगांचा झुबका, समोर छोटासा पडदा आणि बाजूला लांबलचक बारीक हात. सपाट रस्त्यावर फार ऐटीत येतो, पण आमच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढताना त्याची अशी काही तारांबळ उडाली की आजी पदर तोंडाला लावून हसत होती.

त्याच्याबरोबर मुकादमबाई आल्या होत्या. रुक्साना मुकादम आमच्या खोऱ्यातल्या झाडांच्या राखणदार. कुठलं झाड ठेवायचं आणि कुठलं पाडायचं, हे त्या ठरवतात. बाई चांगल्या आहेत, पण हसायच्या आधी विचार करतात.

“नमस्कार. कुठे दुखतंय?” चौकसने मला विचारलं.

“मला कुठे दुखतंय? झाडाला दुखतंय,” मी म्हटलं.

त्याने एक शेवई उचलून भिंगाखाली धरली. “हा भुसा आहे,” तो म्हणाला. “आत कुणीतरी बोगदा खणतंय आणि खणलेला भुसा मागे ढकलतंय. भुसा दाबला जातो, म्हणून तो काडीसारखा बाहेर येतो.”

“म्हणजे किडा लाकूड खातो.”

“सगळ्यांना असंच वाटतं. नाही, हा लाकूड खात नाही.”

“मग खणतो कशाला? हौस म्हणून?”

चौकसने बुंध्यातून पेन्सिलीएवढा लाकडाचा तुकडा अलगद काढला आणि उभा चिरला. मग पडद्यावर बोगदा दिसायला लागला. बघते तर काय, बोगद्याच्या भिंतींवर पांढरीशुभ्र लव उगवली होती, अगदी मखमल अंथरल्यासारखी.

“शी, बुरशी,” मी नाक मुरडलं.

“बुरशीच आहे, पण आपोआप आलेली नाही. लावलेली आहे,” चौकस म्हणाला. “भुंगेऱ्याची मादी आधी बोगदा खणते. मग भिंतींवर बुरशीचे बीजाणू (बुरशीचं बियाणंच म्हण) पेरते. बुरशी लाकडातून अन्न शोषून वाढते, आणि मादी आणि तिची पिल्लं ती बुरशी खातात. लाकूड हे तिचं शेत, बुरशी हे तिचं पीक. ती बोगदा झाडते, नको ती बुरशी काढून टाकते, पिल्लंही कामाला हातभार लावतात. माणसांनी पहिला नांगर धरला त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून यांची शेती चालू आहे.”

मी गप्प बसले. हे आमच्या घरात फार वेळा घडत नाही, त्यामुळे आजी लगेच बाहेर डोकावून गेली.

“पूर्वीच्या अभ्यासकांना ही पांढरी लव काय आहे तेच कळेना,” चौकस पुढे म्हणाला. “त्यांनी तिला अँब्रोशिया (देवांचं अन्न) असं नाव दिलं. म्हणून हे अँब्रोशिया भुंगेरे.”

“म्हणजे अमृतभुंगेरे,” मी म्हटलं. मला ते नाव इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग एक शंका आली. “पण मादी नव्या झाडावर गेली की तिथे बियाणं कुठून आणते? तिथे थोडंच दुकान असतं?”

“हाच तर खरा प्रश्न आहे,” चौकस म्हणाला आणि त्याची सगळी भिंगं माझ्याकडे वळली. “बियाणं ती बरोबर नेते. तिच्या अंगात मायकॅन्जियम (बुरशीचं बियाणं ठेवायची पिशवी) असतं. नर बिचारा छोटासा, त्याला उडताच येत नाही. उडते ती मादी, पिशवीत बियाणं घेऊन.”

मला हसू आलं. तांदळाएवढीसुद्धा नाही ती, आणि निघाली पिशवी घेऊन शेत करायला.

“चौकस, गप्पा पुरे,” मुकादमबाई म्हणाल्या. “घराणं कुठलं ते सांग.”

चौकसने मला समजावलं. अशा शेतकरी भुंगेऱ्यांच्या जगात हजारो जाती आहेत. एकमेकींच्या जवळच्या जाती मिळून एक प्रजाती (जवळच्या जातींचं घराणं) होते. आमच्याकडे परब म्हटलं की घराणं कळतं. भुंगेऱ्यांना आडनाव नसतं, म्हणून त्यांच्या अंगाची ठेवण बघून घराणं ओळखावं लागतं.

“आणि घराणं कळलं की काय होतं?” मी विचारलं.

यावर मुकादमबाईच बोलल्या. “आपल्याकडे अशा शेवया काढणारी दोन घराणी येतात. एक झायलोसँड्रस. ते बहुतेक दमलेल्या, आजारी झाडावर बसतं. झाड सुधारलं की त्याचा जम बसत नाही. दुसरं युवॉलेशिया. त्यातल्या काही जाती अशी बुरशी आणतात, की ती झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद करते. मग धडधाकट झाड उभ्याउभ्या वाळतं, नंतर शेजारचं, नंतर त्याच्या शेजारचं. पलीकडच्या खोऱ्यात माझ्या फुप्फूची, म्हणजे आत्याची, बाग होती. एक झाड उरलं नाही. फुप्फू अजून त्या वाटेने जात नाही.”

“आणि हे दुसरं असेल तर?”

“तर हे झाड आज पाडायचं. माद्या तिन्हीसांजेला उडतात. त्याच्या आत पाडून, चुरा करून, ताडपत्रीखाली झाकायचं.”

मी आजोबांकडे पाहिलं. ते पारावर बसले होते, एक हात बुंध्यावर ठेवून, आणि काहीच बोलत नव्हते. माणसाने अशा वेळी ओरडावं, भांडावं. आजोबा गप्प बसले की मला फार भीती वाटते.

चौकसने बुंध्यावर रेंगाळणाऱ्या दोन माद्या चिमट्याने पकडल्या होत्या. त्यातली एक पडद्यावर आली. पडद्यावर ती मांजराएवढी दिसत होती. गुबगुबीत, वीटकरी रंगाची.

“ओळखायची सोपी खूण म्हणजे पिशवीची जागा,” तो म्हणाला. “युवॉलेशियाची पिशवी तोंडात, जबड्यांजवळ असते. गालात म्हण ना. झायलोसँड्रसची पिशवी पाठीत असते, मानेची ढाल आणि पंख जिथे जुळतात तिथे. तिच्या दारावर केसांचा दाट झुबका असतो. तो झुबका बाहेरून दिसतो.”

“मग हिला झुबका आहे का?”

भिंगं फिरली. “पाठ गुळगुळीत आहे. झुबका नाही. दुसऱ्या मादीलाही नाही.” त्याने चिमटा खाली ठेवला. “गालवाली. युवॉलेशिया.”

मुकादमबाईंनी फोन काढला आणि झाडं पाडणाऱ्या लोकांना यायला सांगितलं. फोन ठेवल्यावर त्या आजोबांजवळ जाऊन म्हणाल्या, “परबकाका, मला माफ करा.”

“तुमचो काय दोष,” आजोबा म्हणाले.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आलं की मला काही सुचत नाही. डीएनए तपासा म्हणून मी चौकसच्या मागे लागले. तो म्हणाला, डीएनए (प्रत्येक जिवाच्या पेशीतली त्याची ओळख) तपासणं जिल्ह्याला होतं, उत्तर परवा येईल, आणि माद्या आज उडतील. तोही बरोबरच होता. मला चुकीची माणसं हवी होती भांडायला, आणि तिथे सगळेच बरोबर होते.

मग मी नुसती पडद्याकडे बघत बसले.

“हिचा रंग असा कसा?” मी विचारलं.

“रंगावर जाऊ नये,” चौकस म्हणाला. “कोवळी असते तेव्हा मादी पिवळसर असते, वय होतं तशी गडद होत जाते. एकाच घरात चार रंग दिसतात. म्हणून आम्ही रंग बघत नाही, ठेवण बघतो.”

“ते झालं. पण हिचे पाय काळपट तपकिरी, डोकं काळपट तपकिरी, आणि पाठ तेवढी विटेसारखी लाल. असं कसं?”

चौकसची भिंगं पुन्हा मादीवर वळली. मी खाली पाहिलं. माझ्या झग्यावर कमरेपाशी मोठा डाग होता. अगदी तोच लाल.

“गेरू,” मी म्हटलं. “अहो, तिने गेरू फासलाय.”

“मी तिला पाण्याने धुतलं,” चौकस म्हणाला. “मग अल्कोहोलने धुतलं. माती असती तर निघाली असती.”

“माती नाही, चीक आहे. आमच्या आजोबांचा गेरू आहे तो. त्यात फणसाचा चीक असतो. ओल्या रंगाने माखलेल्या भोकातून अंग घासत निघाली असेल ती, आणि तो वाळून बसला पाठीवर. झुबका असेल तर दिसणार कसा? तो चिकटून आडवा पडला असेल. पाण्याने चीक जातो होय? आजी, खोबरेल दे गो.”

फणस चिरायच्या आधी हाताला आणि विळीला तेल लावायचं असतं, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. चीक फक्त तेलाला ऐकतो. पण चौकसला कोण सांगणार? त्याला शिकवताना जगभरच्या भुंगेऱ्यांची चित्रं दाखवली होती. त्यातल्या एकाही भुंगेऱ्याने कधी गेरू लावून घेतला नव्हता.

“ही माहिती माझ्याकडे नव्हती,” चौकस म्हणाला. “कृपया तेल थोडं जास्त आणा.”

आजीने वाटीच आणली. चौकसने आपल्या लांब हाताच्या टोकाला केसाएवढा कुंचला लावला, तेलात बुडवला आणि मादीच्या पाठीवरून फिरवायला लागला. आधी काहीच होईना. मग तेलात लालसर रंग उतरला. मग त्याचा एक पापुद्रा सुटून बाजूला गेला. आम्ही सगळे पडद्यावर वाकलो, मुकादमबाईसुद्धा.

मानेची ढाल आणि पंख जिथे जुळतात, बरोबर तिथे, मधोमध, सोनेरी केसांचा एक झुबका हळूहळू उभा राहिला.

“पाठवाली,” मी म्हटलं.

“मी माझं मत मागे घेतो,” चौकस म्हणाला.

“घाई नको,” मुकादमबाई म्हणाल्या. “एका खुणेवर मघाशी आपण झाड पाडायला निघालो होतो. आता एका खुणेवर ते वाचवायचंही नाही. दुसरी खूण दाखव.”

मला त्यांचा राग आला, आणि मग कळलं की त्या म्हणतात तेच खरं. चौकसने मादीला उताणं केलं. खालच्या बाजूलाही गेरू होता, तोही तेलाने काढला. त्याने मला पुढच्या दोन पायांची मुळं दाखवली. युवॉलेशियाच्या पुढच्या पायांची मुळं एकमेकांना चिकटलेली असतात. हिच्या पायांच्या मुळांमध्ये चांगली फट होती. मग दुसरी मादी धुतली. तिलाही झुबका, तिच्याही पायांमध्ये फट. मग गेरू लावतात त्याच्याही वर, उंचावरच्या एका भोकातून तिसरी काढली. तिला तर तेलाचीही गरज पडली नाही.

“झायलोसँड्रस,” चौकस म्हणाला. “आता मला खात्री आहे. मी ही गोष्ट आत्ताच बाकीच्या सगळ्या चौकसांना कळवली. यापुढे कुठेही रंगवलेल्या झाडावर भुंगेरा सापडला, तर आधी तेल.”

मुकादमबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. “चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवत होतो की आपण,” त्या म्हणाल्या.

आजोबा मात्र अजून बसूनच होते. “दमलेल्या झाडावर बसतत, असा म्हणालात तुम्ही,” ते म्हणाले. “माझा झाड कित्याक दमात? मी त्येका काय कमी केलंय?”

चौकसने बुंध्याजवळ आपली एक नळी नेली. ती त्याचं नाक आहे. “याला अल्कोहोलचा वास येतोय,” तो म्हणाला.

आजोबा ताडकन उठले. “माझा झाड दारू पिता?”

“पीत नाही, तयार करतं,” चौकस म्हणाला. “मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधल्या फटींतून ती मुळांपर्यंत पोचते. हवा मिळाली नाही की मुळं गुदमरतात आणि त्यांच्यात थोडं थोडं अल्कोहोल तयार होतं. ते खोडातून बाहेर येतं. माणसांना तो वास येत नाही, पण या माद्यांना लांबून येतो. हे झाड दमलंय, इथे शेत चांगलं होईल, असं त्यांना त्यावरून कळतं.”

“पण मुळांना हवा का मिळेना?” मी विचारलं, आणि विचारता विचारताच माझं लक्ष आजोबांच्या पायाखाली गेलं. निळ्या फरश्या. त्यांच्याखाली डंपरभर माती. त्यावर रोज नळी.

चौकसने नाकाची नळी हळूच मागे घेतली. त्यालाही कधी गप्प बसावं ते कळतं, हे मला तेव्हा समजलं.

आजोबांनी पाराकडे पाहिलं. मग वर पिवळ्या पानांकडे. “अति तिथे माती,” ते म्हणाले. “मी त्येका सजवूक गेलंय, आणि त्येचोच श्वास बंद केलंय.”

मी जाऊन त्यांना मिठी मारली. मला त्यांची फार दया आली. जीव लावून केलेली गोष्ट चुकली की माणसाला दुप्पट लागतं.

“मुळं मेलेली नाहीत, काका,” मुकादमबाई म्हणाल्या. “मेली असती तर ती एवढी धडपडली नसती. पार काढला तर झाड वाचेल. ज्या माद्या आत आहेत त्यांच्यासाठी आम्ही अल्कोहोलचे सापळे लावू, म्हणजे बाहेर आल्या की त्या झाडाऐवजी बाटलीत जातील.”

आजोबांनी डोळे पुसले, आत गेले आणि पहार घेऊन आले. पहिला घाव त्यांनीच घातला. स्वतः मोजून बसवलेली निळी फरशी खाडकन फुटली.

तेवढ्यात झाड पाडणाऱ्यांची गाडी आली. करवती, दोर, ताडपत्र्या घेऊन चार दांडगे गडी उतरले. मुकादमबाईंनी सांगितलं, “झाड नाही, पार पाडायचाय.” त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, खांदे उडवले, करवती गाडीत टाकल्या आणि घण घेतले. मग अशी काही धमाल उडाली म्हणता. एक फरश्या फोडतोय, एक दगड काढतोय, मी घमेल्याने माती ओढतेय, आजी सगळ्यांना कोकम सरबत देतेय, आणि चौकस मध्येमध्ये येऊन “मुळाला घाव लागू देऊ नका” म्हणून सगळ्यांच्या पायात कडमडतोय.

माती ओढता ओढता मी त्याला विचारलं, “तुला सगळे अमृतभुंगेरे ओळखता येतात?”

“ज्यांना कुणीतरी आधी ओळखलंय, तेवढेच,” तो म्हणाला. “सह्याद्रीतल्या किती तरी झाडांची लाकडं कुणी अजून नीट उघडून बघितलेली नाहीत. त्यांच्यात काय दडलंय, कुणाची पिशवी कुठे आहे, ते मला माहीत नाही. ते आधी कुणीतरी माणसाने बघायला हवं.”

“कुणीतरी म्हणजे?”

“ज्याला पाय काळपट आणि पाठ लाल कशी, असा प्रश्न पडतो असं कुणीतरी,” चौकस म्हणाला. मी पुढची दोन घमेली धावतच नेली.

उन्हं कलायला लागली तेव्हा बुंध्याजवळची माती निघत आली होती. चौकसने पुन्हा नाकाची नळी खाली नेली आणि तो थबकला.

“इथे अल्कोहोल आहे,” तो म्हणाला, “पण त्याबरोबर आणखी एक वास आहे. गोड, फार तीव्र. माझ्याकडे त्याची नोंद नाही.”

आम्ही सगळ्यांनी हुंगलं आणि एकमेकांकडे पाहून हसायलाच लागलो. कासारखोलमधल्या कुठल्याही माणसाला तो वास डोळे मिटून ओळखता आला असता. आजोबांनी पहार टाकली, गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती उकरायला लागले. मीही उकरायला लागले. हाताला आधी काटेरी काहीतरी लागलं. मग ते गोल होत गेलं, मोठं होत गेलं. यंदा वर एकाही फांदीला फळ धरलं नव्हतं, आणि इथे, खाली, मुळाच्या बेचक्यात, डंपरभर मातीखाली एक फणस पिकला होता.

जुने फणस कधीकधी मुळालाही फळ धरतात. आजी म्हणाली, तिने लहानपणी एकदा पाहिलं होतं. पण गुदमरत असताना, अंगावर एवढी माती असताना धरलेला फणस कुणीच पाहिला नव्हता.

आजोबांनी तो दोन्ही हातांनी मांडीवर घेतला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

“मी ह्येका जिता पुरलंय,” ते म्हणाले, “आणि ह्यो माका जेवूक घालता.”

मुकादमबाईंनी तोंड फिरवलं. आजीने विळी आणली आणि आम्ही तिथेच, मोडक्या फरश्यांवर, चिखलाच्या हातांनी बसून तो फणस खाल्ला. कापा फणस, गरे कुरकुरीत आणि इतके गोड की ते चार दांडगे गडी एकमेकांच्या हातातले ओढत होते. तिन्हीसांज झाली. फांद्यांना टांगलेल्या सापळ्यांच्या बाटल्यांभोवती बारीक बारीक ठिपके घिरट्या घालायला लागले.

चौकस निघाला तेव्हा आजोबांनी धुतलेल्या आठळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. “तुमच्या दवाखान्याच्या अंगणात लाव,” ते म्हणाले.

“लावीन. भोवती मोकळी जागा किती ठेवू?”

आजोबांनी दोन्ही हात पसरून दाखवले. मग त्यांना ते कमी वाटलं. ते फणसापासून चालत चालत अंगण ओलांडून गेले, सगळ्यात लांबची फांदी डोक्यावर आली तिथे थांबले आणि तिथून त्यांनी हाक मारून सांगितलं, “त्येची सावली पडात, तितकी सगळी त्येची.”